वणवा आणि शेजारधर्म

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आजच्या अभ्यासवर्गासाठी मी निवडलेला विषय आपल्यापैकी काहींना दूरचा वाटेल. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात वणव्यांनी हजारो घरे जाळली, ह्याची चर्चा महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्यांनी का करावी, असे कोणी विचारले तर ते गैर म्हणता येणार नाही. आपल्याकडच्या अनेक कुटुंबांतील मुलेमुली नोकरीनिमित्त त्या राज्यात स्थायिक झालेली आहेत, हे त्याचे एक उत्तर झाले. परंतु माझ्या मनातले कारण निराळे आहे. संकटाच्या वेळी व्यक्तीची जबाबदारी कोठे संपते आणि समाजाची कोठे सुरू होते, हा समाजवादी विचारातला जुना प्रश्न आहे. ह्या वणव्यांच्या निमित्ताने तो जितक्या स्वच्छपणे समोर येतो, तितका क्वचितच येत असेल.

प्रथम घटना सांगतो. ७ जानेवारी २०२५ रोजी लॉस एंजलिसच्या परिसरात दोन मोठे वणवे लागले. एक समुद्राकाठच्या पॅसिफिक पॅलिसेड्स ह्या श्रीमंत वस्तीत. दुसरा डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आल्टाडीना ह्या बव्हंशी मध्यमवर्गीय वस्तीत. ह्या दुसऱ्याला ईटन वणवा म्हणतात. कित्येक महिने म्हणण्यासारखा पाऊस पडलेला नव्हता, आणि वाळवंटाकडून समुद्राकडे वाहणारे सांता आना नावाचे कोरडे वारे त्या रात्री सोसाट्याने सुटले होते. दोन्ही वणव्यांत मिळून सोळा हजारांहून अधिक इमारती जळाल्या आणि ३१ माणसे प्राणास मुकली. हे काही पहिलेच उदाहरण नव्हे. १९९१ साली ओकलंडच्या टेकड्यांवर २५ माणसे मेली आणि सुमारे तीन हजार घरे गेली. २०१७ साली सांता रोझा शहरात एका रात्रीत हजारो घरांची राख झाली. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी पॅरडाइज नावाचे सव्वीस हजार वस्तीचे गाव काही तासांत बेचिराख झाले. ८५ माणसे गेली आणि १८ हजारांहून अधिक इमारती जळाल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये हवाई बेटांवरील लाहायना ह्या जुन्या गावात १०२ माणसे मृत्यू पावली.

अशा प्रत्येक घटनेनंतर एक वाद ठरल्याप्रमाणे सुरू होतो. एक पक्ष म्हणतो की, घरमालकांना धोका ठाऊक होता. मग त्यांनी तयारी का केली नाही? छपरावरचा पाचोळा काढणे, अंगणातले वाळलेले गवत कापणे, एवढेही ज्यांना जमले नाही, त्यांचा भार करदात्यांनी का सोसावा? दुसरा पक्ष म्हणतो की, ही तापणाऱ्या पृथ्वीची आणि बेजबाबदार वीजकंपन्यांची करणी आहे. जळालेल्या माणसालाच दोष देणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. आपल्या मनाचा कल साहजिकच दुसऱ्या पक्षाकडे असतो. पण ह्या प्रश्नाची थोडी खोलात जाऊन पाहणी केली म्हणजे दोन्ही पक्षांचे म्हणणे अपुरे आहे असे दिसून येते.

घर जळते कसे

वणव्यात घर जळते म्हणजे आगीची एक प्रचंड लाट येते आणि वाटेतले सर्व गिळून टाकते, अशी आपली समजूत असते. ती समजूत बऱ्याच अंशी चुकीची आहे. अमेरिकेच्या वनखात्यातील संशोधक जॅक कोहेन ह्यांनी ह्या विषयावर अनेक वर्षे काम केले. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कॅनडाच्या उत्तर भागात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. जंगलाला मुद्दाम आग लावायची आणि त्यापासून दहा, वीस आणि तीस मीटरांवर लाकडी भिंती उभ्या करून त्यांचे काय होते ते पाहायचे. झाडांच्या शेंड्यांपर्यंत पोहोचलेल्या भीषण आगीतही वीस आणि तीस मीटरांवरच्या भिंती पेटल्या नाहीत. दहा मीटरांवरच्या भिंतींपैकी काही पेटल्या, काही नाहीत.

मग शेकडो मीटरांवरची घरे का पेटतात? त्याचे उत्तर उडत्या निखाऱ्यांत आहे. वाऱ्यावर स्वार होऊन आलेले निखारे मुख्य आगीच्या एक-दोन किलोमीटर पुढेही जाऊन पडतात. ते छपराच्या पन्हळीत साचलेल्या पाचोळ्यावर पडतात, माळ्याच्या जाळीदार झरोक्यांतून आत शिरतात, लाकडी सज्जाखाली साठवलेल्या सरपणात जाऊन बसतात, भिंतीला टेकलेल्या लाकडी कुंपणाला धरतात. घर पेटते ते बहुधा अशा लहान ठिणगीने, कधी कधी मुख्य आग निघून गेल्यानंतर तासाभराने. म्हणूनच वणव्यानंतरच्या छायाचित्रांत घराच्या जागी राखेचा ढीग आणि शेजारी हिरवे उभे झाड, असे चमत्कारिक दृश्य दिसते. दक्षिण कॅरोलायना राज्यात विमाकंपन्यांच्या खर्चाने चालणारे एक संशोधन केंद्र आहे. तेथे पूर्ण आकाराची घरे बांधून, प्रचंड पंख्यांनी त्यांच्यावर निखाऱ्यांचा वर्षाव करून, हेच पुन्हा पुन्हा सिद्ध करून दाखविण्यात आले आहे.

ह्या ज्ञानाचा अर्थ काय? घर वाचणार की जळणार ह्याचा निर्णय जंगलात फारसा होत नाही. तो घरात आणि घराभोवतीच्या तीस मीटरांत होतो. त्यातही भिंतीलगतचे पहिले दीड मीटर सर्वांत महत्त्वाचे. तेथे वाळके काहीही नसावे, झरोक्यांना बारीक धातूची जाळी असावी, छप्पर न पेटणाऱ्या वस्तूचे असावे, पन्हळी स्वच्छ असाव्यात. ह्यातली कित्येक कामे कोयता, झाडू, शिडी आणि सुटीचे दोन-चार दिवस एवढ्या भांडवलावर होण्यासारखी आहेत. कोकणातला काजूबागायतदार उन्हाळा चढण्यापूर्वी बागेभोवतीचे गवत काढून जाळरेषा ओढतो, तेव्हा तो ह्याहून निराळे काही करीत नसतो.

तेव्हा आपल्या बाजूच्या माणसांना मी प्रथम हे सांगू इच्छितो की, घरमालकाची जबाबदारी ही भांडवलदारांनी शोधून काढलेली सबब नव्हे. ती अग्नीच्या नियमांतून निघालेली वस्तुस्थिती आहे. पृथ्वी तापते आहे हे खरे आहे. २०२० ह्या एका वर्षात कॅलिफोर्नियात चाळीस लाख एकरांहून अधिक क्षेत्र जळाले, हेही खरे आहे. परंतु जगातील सर्व राष्ट्रांनी उद्या सकाळी शहाणपणा स्वीकारला, तरी पुढील वीस वर्षांचे वणवे टळणार नाहीत. आणि त्या वीस वर्षांत पन्हळीतला पाचोळा कोणीतरी काढलाच पाहिजे. व्यवस्था बदलेपर्यंत व्यक्तीने काही करण्यात अर्थ नाही, हा विचार ऐकायला क्रांतिकारक वाटतो. प्रत्यक्षात तो माणसाला निष्क्रिय करतो.

कुंपणापलीकडचे घर

परंतु येथेच थांबले तर आपण पहिल्या पक्षाच्या दारात जाऊन उभे राहू. आता मी त्या पक्षाच्या युक्तिवादातील दोष सांगतो.

जंगलातले झाड पेटले तर त्याची धग काही मिनिटे टिकते. घर पेटले तर ते तासन्‌तास धगधगते, आणि शेजारचे घर पाच मीटरांवर असेल तर त्या घराच्या झरोक्यांना लावलेल्या उत्तम जाळ्यांचा काडीचाही उपयोग होत नाही. वणवा वस्तीत शिरला की घरे हेच त्याचे सरपण होते. सांता रोझातील कॉफी पार्क ही वस्ती सरकारी नकाशात वणव्याच्या धोक्याच्या क्षेत्रात नव्हती. तिच्या आणि डोंगराच्या मध्ये सहा पदरी महामार्ग होता. वाऱ्याने निखारे महामार्गाच्या पार नेले आणि पुढे घराने घर पेटवीत सारी वस्ती संपवली. पॅरडाइजच्या विनाशाचा नंतर बारकाईने अभ्यास झाला. त्यात असे आढळले की, १९९७ पूर्वी बांधलेल्या घरांपैकी सुमारे ११ टक्के वाचली, तर १९९७ नंतर बांधलेल्यांपैकी सुमारे ३८ टक्के. म्हणजे बांधणीला महत्त्व आहेच. पण घर वाचण्याशी अत्यंत निकटचा संबंध असलेली गोष्ट होती ती ही की, जवळचे जळालेले घर किती अंतरावर होते.

अर्थशास्त्रात अशा परिस्थितीला एक जुने नाव आहे. माझ्या कृतीचा लाभ किंवा तोटा माझ्या कुंपणाच्या आत राहत नाही, तो शेजाऱ्याच्या पदरी जातो. आणि बाजारात त्याची किंमत कोणी मोजत नाही. ह्याला आम्ही बाह्यपरिणाम म्हणतो. अशा वस्तूचा पुरवठा व्यक्तींच्या स्वेच्छेवर सोडला तर तो नेहमी गरजेपेक्षा कमी होतो. मी पाच हजार डॉलर खर्चून घर सुरक्षित केले आणि शेजाऱ्याने काहीच केले नाही, तर माझे पाच हजार वाया जाण्याचा संभव असतो. हे मला कळत असल्यामुळे मीही खर्च करीत नाही. शेजारीही माझ्याकडे पाहून तोच हिशेब करतो. दोघेही आपापल्या परीने शहाणे, आणि दोघांचीही घरे जळतात. ह्याला आळस किंवा बेजबाबदारपणा म्हणणे म्हणजे रोगाचे निदान चुकविणे होय.

देवीचा रोग आपल्या देशातून गेला तो प्रत्येकाने स्वतःच्या मर्जीने लस टोचून घेतली म्हणून नव्हे. लस सरकारने दिली, फुकट दिली, दारात येऊन दिली, आणि एक रोगी सापडला की त्याच्या आसपासच्या साऱ्यांना टोचली. शेजाऱ्याचे आरोग्य हा माझ्या आरोग्याचा भाग आहे, हे तत्त्व तेथे मान्य झालेले होते. वणव्यापुढची तयारी ह्याच जातीची आहे.

हे केवळ तर्काने सांगत नाही. कॅलिफोर्नियाने २००८ सालापासून धोक्याच्या क्षेत्रातील नव्या घरांना न पेटणारे छप्पर, जाळीचे झरोके वगैरे सक्तीचे केले. पॅट्रिक बेलिस आणि जडसन बूमहॉवर ह्या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी एकाच वणव्यात सापडलेल्या हजारो घरांची तुलना केली. २००८ नंतरचे घर जळून नष्ट होण्याची शक्यता १९९० साली बांधलेल्या घरापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी असल्याचे त्यांना आढळले. शेजारच्या घरालाही त्याचा लाभ मिळत होता. आणि जेथे कायद्याची सक्ती नव्हती तेथे नव्या-जुन्या घरांत असा फरक पडलेला नव्हता. म्हणजे धोका दिसत असूनही लोकांनी आपण होऊन ते केले नव्हते. बाजाराच्या शहाणपणावर विसंबणाऱ्यांनी ह्या अभ्यासाचा अवश्य विचार करावा.

ज्याला जमत नाही तो

नवे घर सुरक्षित बांधायला फारसा अधिक खर्च येत नाही. प्रश्न आहे तो आधीच उभ्या असलेल्या लक्षावधी घरांचा. जुने घर सुधारण्याचा खर्च, घराच्या स्थितीप्रमाणे आणि मालकाला किती दूर जायचे आहे त्याप्रमाणे, दोन हजार डॉलरांपासून एक लाख डॉलरांच्याही पुढे जातो. झाडू मारणे एक. छप्पर बदलणे निराळे.

आता हे करायचे कुणी? पॅरडाइजमध्ये मेलेल्यांपैकी बहुसंख्य माणसे पासष्टीच्या पुढची होती. त्या गावात अनेक जण आले होते ते तेथे घरे स्वस्त होती म्हणून. मोठ्या शहरांतील भाडी आणि घरांच्या किमती त्यांना पेलत नव्हत्या. गुडघे दुखणाऱ्या सत्तर वर्षांच्या विधवेने शिडीवर चढून पन्हळ साफ करावी, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? भाडेकरूला तर घराला हात लावण्याचाच अधिकार नसतो. झरोका मालकाचा आणि जळणारा संसार भाडेकरूचा. आल्टाडीनाच्या पश्चिम भागात अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांची पिढीजात घरे होती. इतर ठिकाणी त्यांना घरे नाकारली जात असतानाच्या काळात त्यांनी ती कष्टाने उभी केलेली होती. आग संध्याकाळी सहाच्या सुमारास लागली. पश्चिम भागाला घरे सोडण्याचा सरकारी आदेश मिळाला तो पहाटे तीननंतर. ईटन वणव्यात मेलेल्या १९ माणसांपैकी एक सोडून सारी त्याच भागातली होती. त्यांनी अंगण स्वच्छ ठेवले होते की नव्हते, हा प्रश्न येथे अगदीच गौण ठरतो.

जबाबदारी एकट्या घरमालकावर टाकण्याचे टोक ऑस्ट्रेलियात गाठले गेले. तेथील व्हिक्टोरिया राज्यात लोकांना असे शिकविले जात असे की, तयारी करा आणि मग एक तर थांबून घराचे रक्षण करा, नाहीतर वेळेवर निघून जा. धोरण तर्कशुद्ध होते. निखाऱ्यांनी पेटणारे घर सावध माणूस बादलीभर पाण्याने वाचवू शकतो, हे खरेच आहे. पण ७ फेब्रुवारी २००९ रोजी, ज्याला तेथे काळा शनिवार म्हणतात त्या दिवशी, आग इतकी भयानक होती की १७३ माणसे मेली, आणि त्यांतली निम्म्याहून अधिक घरातच मेली. पुढे चौकशी आयोगाने सांगितले की, अशा दिवशी लवकर निघून जाणे हाच खरा मार्ग, आणि तसा स्पष्ट इशारा देणे हे सरकारचे काम आहे. नागरिकाच्या तयारीलाही मर्यादा असते, आणि ती कोठे आहे हे सांगण्याची जबाबदारी शासनाला नागरिकावर ढकलता येत नाही.

विम्याचा बाजार

ह्यावर बाजारवादी पंडितांचे उत्तर तयार असते: विमा आहे की! धोका जास्त तेथे हप्ता जास्त. हप्ता परवडला नाही की माणूस आपोआप घर सुरक्षित करील किंवा दुसरीकडे जाईल.

ह्यात सत्याचा अंश आहे, तो आधी मान्य करू. हप्ता कृत्रिमपणे कमी ठेवला तर धोका लपतो आणि माणसे धोक्याच्या जागी घरे बांधीत राहतात. कॅलिफोर्नियात १९८८ च्या सार्वमताने विम्याच्या दरांवर सरकारी नियंत्रण आले. ग्राहकाला त्याचा फायदा झाला, पण वाढता धोका दरांत उतरायला वेळ लागू लागला. परिणामी कंपन्यांनी दरांऐवजी माणसेच कमी करण्यास आरंभ केला. राज्यातल्या सर्वांत मोठ्या घरविमा कंपनीने मे २०२३ मध्ये नवे विमे घेणे थांबविले आणि मार्च २०२४ मध्ये सुमारे ७२ हजार विम्यांचे नूतनीकरण करणार नसल्याचे जाहीर केले. त्यांत पॅलिसेड्समधील घरेही होती. डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून कंपन्यांना भावी धोक्याच्या अंदाजावर दर ठरविण्याची मुभा मिळाली, आणि त्याबदली धोक्याच्या भागांत विमे देण्याचे बंधन आले.

ज्यांना कोणीच विमा देत नाही त्यांच्यासाठी १९६८ साली कायद्याने एक सामाईक योजना निर्माण झालेली आहे. तिचे नाव फेअर प्लॅन. राज्यातल्या सर्व विमाकंपन्यांनी मिळून तिचा भार उचलायचा असतो. २०२५ च्या वणव्यांनंतर त्या योजनेला कंपन्यांकडून एक अब्ज डॉलर मागावे लागले, आणि त्यांतील अर्धा हिस्सा कंपन्यांना आपल्या साऱ्या ग्राहकांवर टाकण्याची परवानगी आहे. म्हणजे बघा, सामाजिक भार टाळायचा म्हणून बाजारावर विसंबायचे आणि शेवटी भार समाजावरच यायचा. फरक इतकाच की तो आग लागण्यापूर्वी घरे सुधारण्यासाठी आला नाही, जळून गेल्यावर भरपाईसाठी आला.

आणखी एक गोष्ट. घरमालकाने पदरचे पैसे घालून घर सुरक्षित केले, तर त्याचा हप्ता कमी व्हावा, हे बाजाराच्या तत्त्वाला धरूनच आहे. पण ते बाजाराने आपण होऊन केले नाही. सुरक्षित घराला सवलत दिलीच पाहिजे असा नियम २०२२ साली राज्याच्या विमा आयुक्तांना करावा लागला. विम्याचा हप्ता धोक्याची जाणीव देतो, हे मी मान्य करतो; पण ज्याच्याकडे छप्पर बदलायला पैसे नाहीत त्याला ती जाणीव घर सोडण्याच्या नोटिशीसारखी वाटते. मग ज्याचे गृहकर्ज फिटले आहे, ज्याच्यावर विम्याची सक्ती करणारी बँक उरलेली नाही, असा म्हातारा माणूस विमाच सोडून देतो आणि नशिबावर हवाला ठेवून राहतो.

जबाबदारीचे दोन तराजू

जबाबदारी हा शब्द सर्वांना एकाच तराजूने लावला जातो काय, हेही तपासले पाहिजे. पॅरडाइजचा वणवा पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक ह्या खाजगी वीजकंपनीच्या वाहिनीवरून लागला. जवळजवळ शंभर वर्षे जुना, झिजलेला एक लोखंडी आकडा तुटला आणि जिवंत तार खाली आली. जून २०२० मध्ये कंपनीने ८४ माणसांच्या सदोष मनुष्यवधाचा गुन्हा न्यायालयात कबूल केला. शिक्षा काय झाली? सुमारे ३५ लाख डॉलरांचा दंड. तुरुंगात कोणीही गेले नाही, कारण कंपनीला तुरुंगात घालता येत नाही. भरपाईचे अब्जावधी डॉलरांचे दावे दिवाळखोरीच्या न्यायालयात मिटविण्यात आले. ईटन वणव्याबद्दलही सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या संघ सरकारने तेथील वीजकंपनीवर दावा दाखल केला आहे. हवाई छायाचित्रात छपरावर पाचोळा दिसला म्हणून ज्या समाजात घरमालकाचा विमा रद्द होऊ शकतो, त्या समाजात कंपनीच्या आकड्याची तपासणी दशकानुदशके राहून जाते, ही विषमता डोळ्यांआड करून चालणार नाही.

आणि आग विझवायला कोण गेले? जानेवारी २०२५ मध्ये सरकारी अग्निशामकांच्या बरोबरीने हजारांहून अधिक कैदी राबत होते. त्यांची रोजची मजुरी साधारण सहा ते दहा डॉलर होती आणि आगीवर असताना तासाला एक डॉलर अधिक. ऑक्टोबर २०२५ मध्ये कायदा होऊन आगीवरच्या कामासाठी ती तासाला सव्वासात डॉलर झाली. त्याच दिवसांत पॅलिसेड्समधले एक महागडे व्यापारी संकुल मालकाने आणलेल्या खाजगी अग्निशामकांनी वाचविले, आणि भोवतालची घरे जळून गेली. ऐपतीप्रमाणे अग्निसंरक्षण, हे तयारीच्या खाजगीकरणाचे तार्किक टोक आहे.

कोठे जमले

मग हे कोठे जमले आहे काय? जमले आहे, आणि गंमत अशी की ते अतिश्रीमंतांच्या गावात जमले आहे. सांता बार्बराजवळचे माँटेसिटो हे धनिकांचे गाव. १९९० नंतर तेथील अग्निशमन जिल्ह्याने, म्हणजे मालमत्ताकरावर चालणाऱ्या सार्वजनिक संस्थेने, वीसेक वर्षे चिकाटीने काम केले. तज्ज्ञ कर्मचारी घरोघर जाऊन काय धोका आहे ते दाखवीत. लोकांनी फांद्या कापून रस्त्यावर आणून ठेवाव्यात, संस्थेने यंत्र आणून त्यांचा भुगा करून न्यावा. वस्तीच्या वरच्या अंगाला झुडपे काढून पट्टे मोकळे केले गेले, अरुंद रस्त्यांच्या कडा साफ केल्या गेल्या. डिसेंबर २०१७ मध्ये टॉमस नावाचा प्रचंड वणवा त्या गावावर आला, तेव्हा शेकडो घरे जातील अशी भीती होती. राहती घरे जळाली ती फक्त सात.

ह्या उदाहरणातला धडा नीट पाहा. मालकाची जबाबदारी तेथे रद्द झाली नाही. फांदी त्यालाच कापावी लागली. पण ज्ञान सार्वजनिक होते, यंत्र सार्वजनिक होते, पैसा कराचा होता, आणि शेजारी काय करतो हे पाहणारी एक संस्था होती. श्रीमंतांनी आपल्यापुरता जो सहकार उभा केला, तो गरीब गावांना मात्र परवडत नाही म्हणून नाकारला जातो. कॅलिफोर्नियाने २०१९ साली अशा घरमालकांना घरे सुधारण्यास मदत देणारा कायदा केला, परंतु ती योजना मोजक्या भागांत प्रायोगिक स्वरूपातच चालली. भिंतीलगतचे दीड मीटर मोकळे ठेवण्याचा कायदा २०२० साली झाला. त्याचे नियम १ जानेवारी २०२३ पर्यंत व्हायचे होते. ती मुदत टळली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये, हजारो घरे जळाल्यावर, राज्यपालांना नवा आदेश काढावा लागला. सक्ती आणि साहाय्य ह्या दोन्ही पायांनी चालायचे असते. तेथे दोन्ही पाय लंगडे पडले.

एक आक्षेप

आपल्यातच एक आक्षेप घेणारे असतील, आणि तो आक्षेप वजनदार आहे. जेथे वणवा येणारच तेथे घरे बांधणाऱ्यांसाठी समाजाने खर्च का करावा? समाजवादी लेखक माइक डेव्हिस ह्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘इकॉलॉजी ऑफ फिअर’ ह्या ग्रंथात हा प्रश्न तिखटपणे मांडला होता. मॅलिबूच्या डोंगरावरील धनिकांचे बंगले पुन्हा पुन्हा जळतात आणि दर वेळी सार्वजनिक पैशाने वाचविले व उभारले जातात. त्याच शहरातल्या गरिबांच्या जुनाट चाळींत आगीने माणसे मरतात, तिकडे मात्र कोणी पाहत नाही, हे त्यांचे म्हणणे होते.

मॅलिबूच्या बंगल्यांपुरते ते मला मान्य आहे. ज्या ठिकाणी नवे बांधकाम करणे म्हणजे आगीला निमंत्रण, तेथे परवाना देऊ नये. आणि दिलाच तर रस्ते, पाणी व संरक्षण ह्यांचा पूर्ण खर्च बांधणाऱ्याकडून घ्यावा. पण हाच न्याय पॅरडाइजला लावता येईल काय? ती माणसे शौकाने डोंगरावर गेली नव्हती; शहरात परवडणारे घर नव्हते म्हणून गेली होती. शहरात गरिबाला घर द्यायचे नाही, डोंगरावर गेला तर मूर्ख ठरवायचे आणि जळाला तर बेजबाबदार म्हणायचे, ही नीती नव्हे. शहरांत परवडणारी घरे बांधणे हादेखील वणव्यापासून संरक्षणाचाच एक कार्यक्रम आहे. आणि आल्टाडीना व कॉफी पार्क ह्यांच्या अनुभवानंतर, वणव्याची सीमा डोंगरापाशी संपते असे कोणी म्हणू नये.

तेव्हा माझ्या विवेचनाचा निष्कर्ष असा. घरमालकाने तयारी केली पाहिजे, हे निःसंशय. पण हे कर्तव्य त्याचे स्वतःपुरते नाही. ते शेजाऱ्याप्रत असलेले कर्तव्य आहे. आणि जे कर्तव्य शेजाऱ्याप्रत असते त्याची व्यवस्था समाजाला करावी लागते: सर्वांना सारखा लागू होणारा नियम, तो पाळला जातो की नाही हे पाहणारी लोकांच्या विश्वासाची संस्था, ज्याला जमत नाही त्याला पैसा आणि हात, आणि वीजकंपनीलाही त्याच नियमाचा काच. ह्यांतील एक गोष्ट जरी वगळली तरी उरलेल्या निरुपयोगी होतात. केवळ नियम केला तर तो गरिबावरचा दंड होतो. केवळ मदत दिली तर धोक्याच्या जागी बांधकाम वाढते. आणि केवळ उपदेश केला तर घरे जळतच राहतात.

आपल्या मराठीत शेजारधर्म असा एक चांगला शब्द आहे. आपण तो वाटीभर साखर देण्याघेण्यापुरता वापरतो. त्यात कायदा, कर आणि संघटना ह्यांचाही अंतर्भाव होतो, हे लोकांना पटवून देणे हे आपल्यासारख्या कार्यकर्त्यांचे काम आहे. पुढच्या वेळी कोणी तुम्हाला विचारले की, जबाबदारी व्यक्तीची की समाजाची, तर त्याला एवढेच विचारा की, तुमचे घर आणि शेजारचे घर ह्यांत अंतर किती आहे?